हौसराव हेडी आणि राहूची लाल गाडी

न्हावऱ्याच्या हौसरावाला मुलगी दाखवायला नेलं होतं, तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. पोहे खाऊन झाले, मुलगी आत गेली, मुलीच्या बापानं विचारलं, "काय पाव्हणं, पसंत हाय का?" हौसरावानं मिशीत अडकलेली मोहरी काढली आणि म्हणाला, "चाल बरी हाय. डावा खांदा जरा उतरता वाटतोय." सोयरीक तिथंच मोडायची. पण आतून मुलीचाच आवाज आला, "आन् त्यांचे कान बघा म्हणावं, सुपाएवढं हायती!" मग सगळे हसले आणि सुपारी फुटली. त्या मुलीचं नाव साखरबाई. गेली तीस वर्षं ती हौसरावाला भाकरी वाढते आहे आणि तीस वर्षांत एकदाही हौसराव "चांगली झालीय" म्हणालेला नाही.

यात साखरबाईच्या भाकरीचा दोष नाही. हौसराव जातिवंत हेडी. हेडी म्हणजे बैल घेऊन विकणारा व्यापारी, आणि हेड्याचं पोट भरतं ते खोडीवर. बैल कितीही देखणा असो, घेताना त्याच्याभोवती दोन चकरा मारायच्या, जबडा उघडून दात मोजायचे, शेपटी पिरगाळायची, अंगावरचे भोवरे तपासायचे आणि मान हलवत म्हणायचं, "न्हाई बा. खुरात दम न्हाई." विकणाऱ्याचं तोंड पडलं की भाव पडला. हौसरावाच्या बापानं, म्हणजे आबानं, त्याला एकच मंत्र दिला होता, "पोरा, आवडलं की बुडालं. घ्यायचं ते इकायसाठी. जीव लावायचा तर बायकोला लाव, आन् तोबी बेतानं." विसाव्या वर्षी हौसरावानं एक खिलार खोंड घेतला आणि आवडला म्हणून तीन महिने विकलाच नाही. शेवटी तोटा खाऊन विकला तेव्हा आबानं त्याला भर बाजारात, बैलांच्या देखत, हा मंत्र अकरा वेळा म्हणायला लावला. त्यानंतर हौसरावाला कशाचीच हौस उरली नाही. नावापुरती काय ती राहिली.

पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले, बैलांचा बाजार ओसरला. हौसराव डगमगला नाही. बैलाच्या जबड्यात हात घालणारा माणूस बॉनेटमध्ये डोकं घालू लागला. जुने ट्रॅक्टर, जुन्या जीपा, राजदूत मोटरसायकली, पाण्याची इंजिनं, सगळं घेऊ आणि विकू लागला. पद्धत तीच. टायर बोटानं दाबायचा, सायलेन्सरचा वास घ्यायचा आणि म्हणायचं, "न्हाई बा. हिला धाप लागती."

अशा माणसावर नव्व्याण्णव सालच्या फेब्रुवारीत जी वेळ आली, ती वैऱ्यावर येऊ नये.

नदीपलीकडं राहू गावात बानूबाई नावाची धनगराची म्हातारी एक बंद पडलेलं पाण्याचं इंजिन विकायचं म्हणत होती. हौसराव ते बघायला गेला. म्हातारी एकटीच राहायची. नवरा कोंडिबा दोन वर्षांपूर्वी उसाला पाणी देता देता बांधावर बसला, तो उठलाच नाही. इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये होतं. हौसरावानं त्याच्यात चार खोडी काढल्या, पाचवी काढायला मागं वळला आणि बोलायचा थांबला.

शेडच्या कोपऱ्यात उसाच्या पाचटाखाली ताडपत्री होती आणि ताडपत्रीखालून एक गोलाई बाहेर आली होती. हौसरावानं अंगठ्यानं धूळ पुसली. खाली लाल रंग निघाला. गाभुळलेल्या चिंचेसारखा नव्हे, ट्रॅक्टरसारखाही नव्हे. पिकल्या डाळिंबाचा दाणा असतो तसला. त्यानं हात पुढं सरकवला. पत्रा कुठं सरळ गेलाच नव्हता. वशिंडावरून हात फिरवावा तसा हात वर चढला आणि अलगद खाली उतरला.

"मावशी, ही काय भानगड हाय?" त्यानं विचारलं, आणि आपला आवाज पातळ झालाय हे त्याचं त्यालाच कळलं.

"ती व्हय? मोटार हाय. सायबाची."

मग बानूबाईनं सांगितलं. मुंबईच्या एका साहेबाचा राहूला द्राक्षमळा होता आणि कोंडिबा मळ्याचा राखणदार. साहेब मुंबईहून या गाडीतनं यायचा. बाहत्तरच्या दुष्काळात मळा वाळला, गाडीही बंद पडली. साहेब सगळं आवरून परदेशात निघाला, तेव्हा गाडीचे कागद कोंडिबाच्या नावावर करून म्हणाला, "सांभाळ." कोंडिबानं सांभाळली. पंचवीस दसरे त्यानं ती धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला. मग बानूबाईला शेजारी बसवायचा, स्वतः चाक धरायचा आणि विचारायचा, "चला कारभारीण, औंदा कुठं जायाचं?" बानूबाई कधी जेजुरी म्हणायची, कधी पट्टणकोडोलीची जत्रा. अर्धा तास दोघं तिथंच बसून जाऊन यायची.

"आता माज्या हातानं पुसवत न्हाई," बानूबाई म्हणाली. "घेताय का? कुणातरी चांगल्याच्या दारात जाईल."

गाडी आवडली होती. आबा स्वर्गात ताडकन उठून बसले असणार. आता एकच आधार होता, तीस वर्षांची सवय. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि सुरुवात केली.

"चाकं बघा, तारांची. सायकलची लावल्यागत. बसायला माणसं दोन. पोराबाळांनी काय मागनं पळत यायचं? टपाला पत्रा न्हाई, कापाड हाय. कापडाचं टप म्हंजी तंबू झाला, मावशी."

बानूबाई नुसती हसली. भाव काही पडत नव्हता. हौसराव गाडीच्या तोंडाशी आला. नाकावर एक गोल बिल्ला होता. त्यानं थुंकी लावून तो पुसला. एका बाजूला लाल फुली. दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला साप, आणि सापाच्या जबड्यातून अर्धा बाहेर आलेला माणूस.

बैलाच्या अंगावर नागासारखा वळलेला भोवरा असला तर तो बैल कुणी दावणीला बांधत नाही. घरधन्याला बाधतो म्हणतात. हौसरावानं आयुष्यात या एका खोडीवर किती बैलांचे भाव निम्म्यावर आणले होते, त्याची गणती नव्हती. जीभ आपोआप चालली.

"अरारारा! मावशी, हे बघितलं न्हाई कुणी? तोंडावर साप हाय. सापाच्या तोंडात माणूस. बैल आसता तर बाजारात कुणी दाव्याला हात लावला नसता."

बानूबाई पुढं आली. वाकून बघत राहिली. तिचं तोंड एकदम उतरलं. हौसरावानं ते बघितलं आणि सवयीनं मनात म्हणाला, पडला भाव.

इथंच तो फसला. पण ते कळायला अजून वेळ होता.

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. बाईमाणसाशी असा सौदा कसा करायचा म्हणून तो घुटमळला, तशी बानूबाईच म्हणाली, "धर बोटं. तुज्या आईच्या वयाची हाय मी. मेंढरं इकताना असलीच बोटं धरलीत." बोटं दाबली गेली. आकडा ठरला. तो पाण्याच्या इंजिनापेक्षा थोडा जास्त होता, एवढंच सांगता येईल. हौसरावानं विड्याच्या पानावर रुपया ठेवून विसार दिला. विसार पदरात पडला की सौदा पक्का. मग सूर्य पश्चिमेला उगवला तरी वस्तू घेणाऱ्याची.

"मग उद्या ट्रॅक्टर लावून नेतो," हौसराव शक्य तितक्या आळसानं म्हणाला.

"उद्या न्हाई. आत कोंबडी बसलीय."

हौसरावानं दार उघडलं. चालवणाऱ्याच्या जागेवर, फाटलेल्या गादीच्या खळग्यात, एक तांबडी खुडूक कोंबडी अंग फुगवून बसली होती. पोटाखाली अकरा अंडी, शेजारी विजांचा कडकडाट बाधू नये म्हणून कोळसा आणि लोखंडी खिळा. तिनं हौसरावाकडं असं बघितलं, की त्यानं नकळत हात जोडले.

"परवाच बसलीय. एकवीस दिस हलवायची न्हाई," बानूबाई म्हणाली. "अंड्यांस्नी धक्का बसला तर सगळी वाया."

"बसू द्या की. मला कुठं घाई हाय," हौसराव म्हणाला. घाई दाखवली तर हेडी कसला?

बाहेर पडला तो राजदूतवरून थेट दौंडला, ज्योतिबा मिस्त्रीच्या गॅरेजवर. ज्योतिबानं तरुणपणी मुंबईत विदेशी गाड्यांच्या गॅरेजात काम केलं होतं. हौसरावानं सगळं सांगितलं. फुली, साप आणि सापाच्या तोंडातला माणूस ऐकताच ज्योतिबाच्या हातातला पाना खाली पडला.

"इटलीची हाय ती. अल्फा रोमिओ. पळायची गाडी. उगा मुंबई-पुणं करायची न्हवं, शर्यतीच्या घराण्यातली. मी जन्मात एकच बघितली, तीबी मालकानं हात लावू दिला न्हाई. हौसराव, किती माणसांनी बघितलीय ती?"

"मी आन् कोंबडीनं."

"मग गप बसा. असल्या गाड्या आपल्या देशात बोटावर मोजण्याइतक्या. पुण्या-मुंबईचं शौकीन कळलं तर नोटांची पोती घिऊन येतील. साप म्हंजी त्यांच्या मिलान गावाचा शिक्का. त्याच्यावरच वळखत्यात."

हौसरावानं बोटांवर मोजलं. एकोणीस दिवस उरले होते.

एकोणीस दिवस हौसराव जेवला काय आणि झोपला काय, त्याला माहीत नाही. आभाळात ढगाचा तुकडा दिसला की तो अंगणात येऊन वर बघत राहायचा. गडगडलं तर? अंडी नासली तर म्हातारी पुन्हा नवी अंडी ठेवणार, पुन्हा एकवीस दिवस! मांजर दिसलं की त्याला राहूची मांजरं आठवायची. साखरबाईनं एकदा न राहवून विचारलं, "तुमी दोन दिसांत माज्या आमटीला नाव ठेवलं न्हाई. दवाखान्यात जायाचं का?"

दोनदा तो काहीतरी निमित्त काढून राहूला जाऊन आला. कोंबडी जागेवर होती. बानूबाई मात्र बदलली होती. शेडकडं पाठ करून बसायची. चहा दिला, पण बोलली नाही. दुसऱ्या खेपेला एकदम म्हणाली, "व्हय रं बाबा, तोंडावर साप आसला तर किती वर्सांनी बाधतं?"

हौसरावाला वाटलं, म्हातारी सौद्याची चाचपणी करतेय. खोड खरी का खोटी, बघतेय. आता नरम पडून चालणार नव्हतं.

"त्याचं सांगता येत न्हाई मावशी. कवा गोठ्याला धरतं, कवा घरधन्याला. येळ आली की धरतं."

बानूबाईनं मान हलवली आणि आत गेली. हौसराव समाधानानं परत आला.

एकविसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, हौसराव दाढी करून, धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकून, मळ्यातून ट्रॅक्टर यायची वाट बघत चौकात उभा होता. किराणा दुकानदारानं हाक मारली, "हौसराव, दौंडनं ज्योतिबाचा फोन हाय. वरडतोय नुसता."

"हौसराव!" पलीकडनं ज्योतिबा खरोखरच ओरडत होता. "तुमची गाडी कापत्यात!"

"काय?"

"मच्छिंद्र भंगारवाला आत्ता माज्याकडनं गॅस-कटरचं रेग्युलेटर मागून घिऊन गेला. कुठं काम हाय म्हणलं, तर राहूला. बानूबाईची जुनी मोटार तुकडं करून न्यायचीय. पिल्लं निघाली की लगीच."

"आरं पण इसार घेतलाय तिनं माजा!"

"इसार परत देणार हाय म्हणं. ती म्हणती, पापाची चीज हाय, मी दुसऱ्याच्या दारात कशी घालू? त्याला पोरंबाळं हायती. हिला कापून भट्टीत घातली की पीडा टळंल. मच्छिंद्राला फुकट देतीया, फुकट! हौसराव, तुमी काय सांगून बसलाय तिला?"

हौसरावानं फोन ठेवला नाही, सोडला. तो तारेला लोंबकळत राहिला.

न्हावऱ्याहून राहूला जायचं तर पारगावचा पूल ओलांडावा लागतो. हंगाम उसाचा. पुलाच्या तोंडाशी दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागं एक उभे. मधल्याचं चाक निखळलेलं. हौसरावानं राजदूत ट्रॉल्यांच्या कडेनं घातली. उसाचे शेंडे तोंडावर फटाफट बसत होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली, "ओ हेडी, कुठला बैल सुटला?" एरवी हौसरावानं त्याच्या ट्रॅक्टरला जागच्या जागी तीन नावं ठेवली असती. आज त्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. पुलाच्या मध्यावर गाडी अडकली, तेव्हा त्यानं आणि एका ऊसतोड्यानं मिळून राजदूत उचलून मोळ्यांवरून पलीकडं ठेवली. टॉवेल नदीत पडता पडता वाचला.

सबंध वाटेत त्याला एकच दिसत होतं. निळी ज्योत, आणि त्या ज्योतीखाली ती डाळिंबी गोलाई काळी पडत चाललेली.

तो अंगणात घुसला तेव्हा शेडपुढं मच्छिंद्राचा टेम्पो उभा होता. सिलिंडर उतरवले होते, नळ्या जोडून पसरल्या होत्या. मच्छिंद्र काळा चष्मा कपाळावर ठेवून उकिडवा बसला होता. गाडीची ताडपत्री काढलेली होती. उघड्यावर ती पहिल्यांदाच दिसत होती, आणि हौसरावाला वाटलं, अशी दिसायला नको होती आत्ता.

"कापली?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कुठली!" मच्छिंद्र वैतागला. "दहा निघाली. अकरावं निघंना. म्हातारी म्हणती, शेवटचं फुटल्याबिगर हात लावायचा न्हाई. सकाळधरनं एका अंड्याची राखण करतोय. माजा गॅस गळून जायची पाळी आली."

गाडीतून कोंबडीचं कुकुकुक ऐकू येत होतं, आणि अंड्याच्या आतून बारीक टकटक. बाहेर येणाऱ्याला जगाची घाई झाली होती. हौसराव मनात म्हणाला, बाबा, जरा दम खा.

बानूबाई घरातून आली. तिच्या मुठीत रुपया होता.

"बरं झालं आलास. हा घे तुजा इसार."

हौसरावानं झटकन दोन्ही हात काखेत दाबून धरले. विसाराचा रुपया हातात घेतला की सौदा मोडला.

"घे की."

"न्हाई मावशी."

"आरं, तुज्या भल्याचं सांगते. तूच डोळं उघडलंस माजं."

ती एक पाऊल पुढं आली, तो एक पाऊल मागं. असं करत दोघं टेम्पोला वळसा घालून आले. मच्छिंद्र चष्मा सावरत बघत राहिला. बावन्न वर्षांचा मिशाळ हेडी काखेत हात घालून पळतोय आणि सत्तरीची म्हातारी रुपया घेऊन त्याच्या मागं, हे त्यानं धंद्यात कधी बघितलं नव्हतं.

शेवटी हौसरावाची पाठ गाडीला लागली. आता मागं जायला जागा नव्हती. घशात एक शब्द तीस वर्षं अडकून पडलेला होता, तो माशाच्या काट्यासारखा बाहेर काढावा लागला.

"मावशी, गाडी... चांगली हाय."

मच्छिंद्र खो खो हसला. "ऐका! हौसराव चांगली म्हणला! मावशी, तुमचं मन राखायला बोलतोय त्यो. हौसराव हेडी सोन्याला पितळ म्हणणारा माणूस. त्यो चांगली म्हणतोय म्हंजी लईच वंगाळ आसंल."

आणि बानूबाईलाही तेच वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माणुसकीनं बोलतोयस बाबा, कळतंय मला. पण खोड हाय ती हाय. तूच दावलीस. आधी आपसूक सांगितलंस, मग इचारल्यावबी सांगितलंस. हे अठरा-वीस दिस मी काय काढलेत, माजं मला ठावं. माज्या दादल्यानं पंचवीस दसरं साप पुजला. त्याच सापानं त्याला बांधावर धरला. आन् मी शेजारी बसून जेजुरीला जात व्हते!"

हौसरावाच्या कानात काहीतरी वाजलं. आजवर त्यानं हजार बैलांना नावं ठेवली होती. विकणाऱ्याचं तोंड पडायचं, ते दोनशे-चारशे रुपयांसाठी. घरी जाऊन कुणी आपल्या मेलेल्या माणसाशी भांडत बसेल, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

टकटक थांबली. मग पुन्हा सुरू झाली. या वेळी जोरात.

"चोच आली बाहीर!" मच्छिंद्र उठून उभा राहिला. त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि लायटर हातात घेतला. "आता झालंच. चार मिन्टांत पुढचा खांदा कापतो बघा."

"मावशी," हौसराव ओरडलाच, "भंडारा आणा!"

मच्छिंद्राचा अंगठा लायटरवरच थांबला. बिरोबाचा भंडारा हातात घेऊन धनगरवाड्यात कुणी खोटं बोलत नाही, आणि बोललं तर तो माणूस पुढं कुठल्याच बाजारात उभा राहू शकत नाही. बानूबाईनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. आत गेली. देव्हाऱ्यातली पिशवी आणली आणि त्याच्या तळहातावर पिवळी हळद ओतली.

"उचल. आता सांग. साप खोटा का खरा?"

"साप खरा. पण खोड न्हवं. इटलीतल्या गावाचा शिक्का हाय त्यो. आपल्याकडं दुधाच्या संघाचा आसतो तसला. कंपनीच्या हरेक गाडीवर आसतो."

"मग खोड का म्हणलास?"

हौसरावानं मान खाली घातली. "भाव पाडाया."

"आन् तारंची चाकं?"

"देखणी हायती."

"कापडाचं टप?"

"आसंच आसतंय. उघडं करून वाऱ्यावर पळायची जात हाय हिची."

"हिच्यात खोड काय काय हाय?"

हौसरावानं डोळे मिटले. हळद बोटांतून गळत होती. "इंजिन जाम हाय. खाली गंज हाय. गादी फाटलीय. बाकी..." तो थांबला. "बाकी मावशी, मी बावन्न वर्सांत हिच्यासारखी वस्तू बघितली न्हाई. पहिल्यांदा हात लावला तवाच आवडली. इकायला न्हाई घेत. ठिवायला घेतोय."

"आन् खरा भाव काय हिचा?"

हा प्रश्न येणार हे त्याला भंडारा मागतानाच माहीत होतं. आता तोंड उघडलं की सौदा संपला. पण हळद हातात होती. त्यानं ज्योतिबानं सांगितलं ते सगळं सांगितलं. पुण्या-मुंबईचे शौकीन, पोती, सगळं. ऐकता ऐकता मच्छिंद्राच्या हातातला लायटर आपोआप खिशात गेला आणि नजर अगदी नव्यानं गाडीवर गेली.

बानूबाई ओट्यावर बसली. तिनं दुसरं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "म्हंजी सापानं धरला न्हाई त्याला?"

"न्हाई मावशी. वय झालं व्हतं. आन् चीज वळखली व्हती त्यानं. आमच्यासारख्या हेड्यानं न्हाई वळखली तेवढी वळखली व्हती."

बानूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग तोच पदर नाकाला लावून थोडं हसली. "मला वाटायचंच. खुळा न्हवता त्यो."

तेवढ्यात गाडीतून ओलं, चिरकं चिवचिवणं आलं. अकरावं आलं होतं. तिघंही धावले. दाराशी तीन डोकी एकमेकांवर आपटली. तांबड्या कोंबडीनं पहिल्यांदा मच्छिंद्राला टोचलं.

"मावशी," मच्छिंद्र बोट चोखत म्हणाला, "आता मी फुकट न्हाई म्हणत. माज्या वळखीचा एक पुण्याचा..."

"गप रं." बानूबाईनं मुठीतला रुपया पुन्हा पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दातानं आवळली. "इसार घेतलाय मी. इसार दिल्याव बैल मेला तरी घेणाऱ्याचा, आन् सोन्याचा झाला तरी घेणाऱ्याचा. ही मोटार हौसरावाची. ने आता. तेवढी पिल्लं उतरवू दे."

हौसराव जिंकला होता. ठरलेल्या भावात, पाण्याच्या इंजिनाच्या भावात, इटलीची गाडी त्याची झाली होती. आबा असते तर बाजारात पेढे वाटले असते. पण हौसराव हलेना. जागच्या जागी उभा राहून पिवळा हात धोतराला पुसत राहिला.

"आता काय झालं?" बानूबाई म्हणाली.

हौसरावानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पुन्हा हातावर टाकला. "बोटं धरा, मावशी."

मग मच्छिंद्रानं जे बघितलं, ते तो पुढं वर्षभर गावोगाव सांगत फिरला. टॉवेलखाली सौदा उलटा चालला होता. हौसराव बोटं दाबायचा, म्हातारी ती मिटवायची. हौसराव म्हणायचा, "आसं नका करू मावशी, मला परवडत न्हाई एवढ्या कमीत." म्हातारी म्हणायची, "लुटतोस काय मला? आणखी एक बोट कमी कर." दोघांच्या कपाळावर घाम आला. शेवटी हौसरावानं शेवटचं हत्यार काढलं. "ऱ्हाऊ द्या मग, मला न्हाई घ्यायची," म्हणून चार पावलं चालायला लागला. हेड्याची जुनीच युक्ती. फक्त आजवर ती भाव उतरवायला वापरली होती. म्हातारीनं हाक मारली, "ये माघारी. बरं, तुजं खरं."

आकडा किती ठरला ते दोघांनाच ठाऊक. गावाला एवढंच दिसलं, की पुढच्या आठवड्यात हौसरावाची जीप गेली, मळ्यातला ट्रॅक्टर गेला, आणि राहूत बानूबाईच्या शेडला नवा पत्रा आला, दोन दुभत्या म्हशी आल्या. मच्छिंद्राला गॅसचा खर्च म्हणून पाण्याचं जुनं इंजिन मिळालं. त्यात त्याला हौसरावाची काढायची राहून गेलेली पाचवी खोड सापडली.

गाडी न्यायला ट्रॅक्टर उरला नव्हता. शर्यतीच्या घराण्यातली ती गाडी अखेर बैलजोडी लावून न्हावऱ्याला आणली. तीही उसनी. आयुष्यात हजार बैल विकलेल्या माणसाच्या दावणीला एक बैल नव्हता. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी वाट करून दिली आणि तोच त्या दिवशीचा टवाळ ओरडला, "हेडी, काय खोड हाय का न्हाई हिला?"

"न्हाई," हौसराव म्हणाला. त्यानं बैलांना थांबवलंसुद्धा नाही.

घराजवळ साखरबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. गाडीभोवती तिनं दोन चकरा मारल्या. तारांच्या चाकांकडं, कापडाच्या टपाकडं, बिल्ल्यावरच्या सापाकडं बघितलं. जीप गेली होती, ट्रॅक्टर गेला होता, आणि दारात हे आलं होतं.

"चालती का?"

"इंजिन जाम हाय. ज्योतिबा बघंल."

"कवा?"

"बघंल कवातरी. दसऱ्याला बानूमावशी यायची म्हणलीय. तवर धुऊन पुसून ठिवतो."

"कितीला इकायची?"

"इकायची न्हाई."

साखरबाई नवऱ्याकडं बघत राहिली. तीस वर्षांत असं उत्तर तिनं ऐकलं नव्हतं. आत गेली, ताट वाढलं, समोर बसली आणि पहिला घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत डोळे न मिटता बघत राहिली. भंडाऱ्याची हळद आठवडा झाला तरी त्याच्या नखांत होती. आज काहीही होऊ शकत होतं.

हौसरावानं घास चावला. थोडा विचार केला. दाराबाहेर उन्हात उभ्या असलेल्या लाल गाडीकडं एकदा नजर टाकली.

"भाकरी जाड झालीय," तो म्हणाला.

साखरबाईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी, मुद्दाम त्याहून जाड बघून, वाढली.